श्रमदान की बिनपगारी मजुरी?

गेली काही वर्षे आपल्या चळवळीच्या वर्तुळात एका गोष्टीचे कौतुक वारंवार कानी पडते. युरोपात किंवा ऑस्ट्रेलियात एखाद्या सेंद्रिय शेतावर जाऊन काही महिने राबायचे. मोबदल्यात यजमान शेतकरी राहण्याची व जेवणाची व्यवस्था करतो. पैशाचा व्यवहार नाही. आपले काही मित्र याला सीमेपलीकडचे श्रमदान म्हणतात. श्रमप्रतिष्ठा, निसर्गाशी सख्य आणि आंतरराष्ट्रीय बंधुभाव हे तिन्ही सद्गुण त्यांना त्यात एकवटलेले दिसतात. प्रस्तुत लेखकाला मात्र या कौतुकात मोठी गफलत दिसते, आणि ती श्रमिकांची बाजू घेणाऱ्यांनीच करावी याचा खेद वाटतो.

निमित्त घडले ते मोहर्लीचे. ताडोबाच्या दारातील या गावी निवृत्तीनंतर माझे वरचेवर जाणे असते. तेथील आपल्या एका जुन्या कार्यकर्त्याचा मुलगा हंगामात पर्यटकांची जिप्सी चालवतो. घरची अडीच एकर धानाची बांधी आहे. पण रानडुकरांमुळे रात्री जागल करावी लागते, आणि वाघाच्या भीतीने ती जागलही होत नाही. गाडीत बसलेल्या एका इंग्रज जोडप्याने त्याला या योजनेची माहिती दिली. आता त्याची तयारी जोरात चालू आहे. पारपत्र निघाले, इंग्रजीचा वर्ग लागला, चिखलात घालायचे बूट आले. नागपूरच्या एका दलालाने ‘मार्गदर्शना’चे दोन लाख रुपये मागितले आहेत, आणि त्यासाठी बांधी गहाण टाकण्याचे घाटत आहे. “सर, काम तर शेतीचंच हाय. लहानपणापासून करतो. मंग भ्यायचं कायले?” असे त्याने मला विचारले. त्याचे धाडस मला आवडले. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र हिशेबाने द्यावे लागेल.

प्रथम या प्रथेचा उगम पाहू. १९७१ साली सू कॉपर्ड या लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या बाईंनी ‘वूफ’ ही संस्था सुरू केली. तिच्या मूळ नावाचा अर्थ ‘सेंद्रिय शेतांवर कामाचे शनिवार-रविवार’ असा होता. आठवडाभर कचेरीत कोंडलेल्या शहरी माणसांना मोकळ्या शेताचा सहवास मिळावा, हा साधा हेतू. ससेक्समधील एमर्सन कॉलेजच्या शेतावर पहिला प्रयोग झाला. त्यात निंद्य असे काहीच नव्हते. सोमवारी ज्याला आपल्या पगाराच्या कामावर परतायचे आहे, तो रविवारचे श्रम आनंदाने देऊ शकतो. त्याचा उदरनिर्वाह त्या श्रमावर अवलंबून नसतो. ज्याला पाच दिवसांचे वेतनच नाही, त्याने ही प्रथा उचलली की तिचा सारा अर्थ पालटतो.

आता आकडे घ्या. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनने २१ वर्षे व त्यावरील कामगारांचे किमान वेतन ताशी १२.२१ पौंड केले. दिवसाला पाच तास, आठवड्याला पाच दिवस काम धरले, तर आठवड्याचे सुमारे ३०५ पौंड होतात. कामगाराला राहायला जागा दिली म्हणून मालकाला किमान वेतनाच्या हिशेबात धरता येणारी रक्कम तेव्हा दिवसाला १०.६६ पौंड, म्हणजे आठवड्याला सुमारे ७५ पौंड होती. उरले २३० पौंड. एकट्या माणसाचे जेवण कितीही सढळ हाताने मोजले, तरी एवढे होणार नाही. यावर कोणी म्हणेल की, स्वयंसेवकाला किमान वेतनाचा कायदा लागूच होत नाही. माझा आक्षेप नेमका हाच आहे. लढून मिळवलेला कायदा एका गोड शब्दाने निरुपयोगी होत असेल, तर तो शब्द आपण तरी जपून वापरावा.

या जमाखर्चाला दुसरी बाजू आहे. तिकडचा उन्हाळा हाच इकडचा रोवणीचा हंगाम. मुलगा तिकडे फुकट राबणार आणि बाप इकडे रोवणीला मजूर लावून रोख मजुरी देणार. अर्थशास्त्रात याला वैकल्पिक परिव्यय म्हणतात. मोहर्लीत त्याला सरळ नुकसान म्हणतील.

कायद्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. ब्रिटनमध्ये भेटीच्या व्हिसावर गेलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी फार तर ३० दिवस स्वयंसेवा करता येते. खाजगी शेतावर जेवणाखाण्याच्या मोबदल्यात केलेले काम त्यात बसत नाही. न्यूझीलंडचे सरकार जेवण व निवास यांनाही मोबदलाच मानते, आणि म्हणून अशा कामाला कामाचा परवाना लागतो. ऑस्ट्रेलियात दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी शेतावरील काम दाखवावे लागे. तेथील तरुणांची पिळवणूक उघडकीस आली, तेव्हा २०१५ च्या डिसेंबरपासून बिनपगारी काम त्यासाठी धरणे सरकारने बंद केले. ज्या गोष्टीत भांडवली देशांच्या सरकारांना पिळवणुकीचा धोका दिसतो, ती आपल्याला दिसू नये?

जून २०२४ मध्ये इटलीच्या लातिना प्रांतात सतनाम सिंग या भारतीय शेतमजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. त्याला इस्पितळात न नेता घरासमोर टाकून देण्यात आले, आणि दोन दिवसांनी तो मरण पावला. ते शेत स्वयंसेवकांचे नव्हते, हे स्पष्ट सांगतो. परंतु कागदपत्रांवाचून राबणाऱ्या माणसाची किंमत काय असते, हे त्या घटनेने दाखवले. पर्यटक म्हणून शिरून शेतावर राबणारा आपला तरुण अपघाताच्या क्षणी याच रांगेत उभा असतो.

“मग सोमनाथला तरी तरुण फुकट का राबतात?” असा प्रश्न मला एका मित्राने केला. प्रश्न रास्त आहे. मूल तालुक्यात सोमनाथला बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत हजारो तरुण घाम गाळून आले. १९५० च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी स्वयंसेवकही आनंदवनात येऊन राबले. फरक ओळखण्यासाठी तीन प्रश्न पुरेत. पिकाचा मालक कोण? या फुकट श्रमामुळे कोणा मजुराचा रोजगार जातो काय? आणि नको वाटले त्या दिवशी निघून येण्याइतके पैसे स्वयंसेवकाच्या खिशात आहेत काय? सोमनाथला जमीन कुष्ठमुक्तांच्या पुनर्वसनासाठी आहे, आणि तेथे जाण्यासाठी कोणाला शेत गहाण टाकावे लागत नाही. परदेशातील जे शेत या तिन्ही कसोट्यांना उतरेल, तेथे आपल्या मुलांनी जरूर जावे. जग पाहण्याचा हक्क केवळ श्रीमंतांच्या मुलांचा नाही.

राहिला शिक्षणाचा मुद्दा. सेंद्रिय शेतीचे एक आद्य प्रवर्तक आल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची आपली पद्धत सिद्ध केली ती १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला, आणि येथील शेतकऱ्यांना त्यांनी आपले गुरू मानले. आपल्याच जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ पासून दीड एकराच्या शेतात निवड करीत एचएमटी हे धानाचे वाण घडवले. २०१८ साली ते गेले. अशा संशोधकाच्या बांधीत महिनाभर राहून शिकण्याची सोय आपण किती तरुणांना करून दिली? ती केली असती, तर मोहर्लीच्या मुलाला शेतीच्या प्रतिष्ठेची बातमी इंग्रज पर्यटकाकडून कळली नसती.

तेव्हा कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. प्रत्येक तालुक्यात परदेशी निघालेल्या तरुणाचा व्हिसा, करार आणि विमा वाचून पाहणारा एक तरी जाणता माणूस नेमावा. दलालाच्या दोन लाखांपैकी बहुतेक रक्कम त्यानेच वाचेल. आणि जंगलालगतच्या गावांत रोवणीच्या दिवसांत, मजुरी देऊन, शिकाऊ तरुणांची शिबिरे भरवावीत. त्या मुलालाही मी हेच सांगितले: आधी कागद वाच, परतीचे भाडे वेगळे बांधून ठेव, आणि बांधीला हात लावू नकोस.

दान देणाऱ्याची भाकर आधी शाबूत असावी लागते. बांधी गहाण टाकून दिलेल्या श्रमाला दान म्हणणे, ही श्रमाची आणि दानाची, दोहोंचीही विटंबना आहे.