लायसन्सच्या परीक्षेपलीकडचे नियम

दहावी-बारावीचे निकाल लागले की निलंगा परिसरातील अनेक घरांत दुचाकीचा विषय निघतो. गावापासून कॉलेज दूर, शिकवणी त्याहून दूर, एसटीच्या वेळा जुळत नाहीत. मुलामुलींच्या हाती गाडी द्यावी लागते आणि ही गरज खोटी नाही. प्रश्न आहे तो गाडीसोबत रस्ताही शिकवला जातो का, हा.

गाडी शिकवली जाते. क्लच, गिअर, ब्रेक समजावून मोकळ्या मैदानात चार फेऱ्या झाल्या की ‘आली गाडी’ असे घरचे ठरवून टाकतात. नियम मात्र शिकाऊ परवान्याच्या परीक्षेपुरते उरतात. पंधरा प्रश्नांपैकी नऊ बरोबर आले की काम झाले. ज्या जिल्ह्याने ‘लातूर पॅटर्न’च्या रूपाने सरावाचे महत्त्व राज्याला शिकवले, जिथे एकेका गुणासाठी मुले दोन-दोन वर्षे प्रश्नपत्रिका सोडवतात, तिथे जिवाशी संबंधित या परीक्षेची तयारी एका संध्याकाळीत उरकली जावी, हे विसंगत आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांपैकी महाराष्ट्रातील १५ हजार २२४ होती. देशातील एकूण मृतांपैकी जवळपास ४५ टक्के दुचाकीवरचे होते आणि ५० हजारांहून अधिक जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. किल्लारीच्या भूकंपाने या भागाला घराचे बांधकाम कसे असावे याचा विचार करायला लावला. रस्त्यावर त्याहून मोठी जीवितहानी राज्यात एकाच वर्षात होते. पण ती एकेका घरात, वेगवेगळ्या दिवशी होत असल्याने ती आपत्ती वाटत नाही.

नियम पाठ करून टिकत नाहीत, कारण समजले तर टिकतात. रस्त्याचा जवळपास प्रत्येक नियम माणसाच्या शरीराच्या मर्यादेवर बेतलेला आहे. समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत सर्वसाधारण चालकाला साधारण दीड सेकंद लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगात तेवढ्या वेळात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर, ब्रेक चांगले असतील तर, आणखी सुमारे २३ मीटर लागतात. म्हणजे थांबायला एकूण ४८ मीटर. हाच वेग ४० असता तर २७ मीटर पुरले असते आणि ८० असेल तर ७४ मीटरही अपुरे पडू शकतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

हे गणित आपल्या रस्त्यांवर लावून पाहावे. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते आणि तिचा निसरडा थर तयार होतो. टायरची पकड निम्म्यावर आली की ब्रेकचे अंतर दुप्पट होते. ऊसतोडीच्या हंगामात निलंगा-औसा किंवा निलंगा-औराद शहाजानी रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉल्या चालतात. कित्येकींना मागे ना दिवा असतो ना रिफ्लेक्टर. साध्या दुचाकीचा डीपर तीस-चाळीस मीटरपलीकडे फारसे दाखवत नाही. साठच्या वेगात थांबायला ४८ मीटर लागत असतील, तर ट्रॉली दिसेपर्यंत धडक जवळपास ठरलेलीच असते. म्हणून रात्रीचा नियम सोपा आहे : दिव्याच्या उजेडात जेवढे दिसते, तेवढ्या अंतरात गाडी थांबली पाहिजे.

नवशिक्याची अडचण आणखी वेगळी आहे. सुरुवातीच्या महिन्यांत त्याचे निम्मे लक्ष गिअर आणि क्लचमध्येच गुंतलेले असते. नजर चाकाच्या जवळपास राहते, आरशाकडे क्वचितच जाते, हे संशोधनात दिसून आले आहे. मोह आवरणारा आणि परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो. मागे मित्र बसले की धोका पत्करण्याची ओढ वाढते. म्हणून न्यूझीलंडने १९८७ पासून परवाना टप्प्याटप्प्याने देण्यास सुरुवात केली. आधी सोबतीने, मग रात्रीच्या आणि सोबत्यांच्या मर्यादांसह, शेवटी पूर्ण. ब्रिटनमध्ये २००२ पासून येणारा धोका ओळखण्याची स्वतंत्र चाचणी घेतली जाते.

आपल्या कायद्यातही ही समज आहे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्यासाठी किमान ३० दिवस थांबावे लागते, ते सरावासाठीच. शिकाऊ दुचाकीस्वाराला शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही मागे बसवता येत नाही. सिग्नल नसलेल्या चौकात मुख्य रस्त्यावरच्या वाहनांना आणि एरवी उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते. हा नियम किती अनुभवी चालक पाळतात, ते कोणत्याही चौकात पाच मिनिटे उभे राहिल्यास कळेल. नवा चालक पुस्तकापेक्षा हेच पाहून शिकतो.

हेल्मेटचा मुद्दा निलंगेकरांसाठी शहरी माणसापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. डोक्याला गंभीर मार लागलेल्या जखमीला बहुतेक वेळा लातूरला हलवावे लागते आणि ते अंतर पन्नासेक किलोमीटर आहे. ज्याला ‘गोल्डन अवर’ म्हणतात, तो पहिला मोलाचा तास रुग्णवाहिकेतच संपतो. जिथे मेंदूची शस्त्रक्रिया तासभर दूर आहे, तिथे कवटीला धक्काच कमी बसेल अशी सोय आधी हवी. हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणाचा निष्कर्ष आहे. हनुवटीखालचा पट्टा बांधला नसेल, तर हा फायदा पदरात पडत नाही.

अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणे म्हणजे लाड नव्हे, गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा वाहनमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वाहनाची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. पण दंडाच्या भीतीने शिकवलेला नियम पोलीस दिसेपर्यंतच टिकतो.

काही गोष्टी लगेच करता येतील. पालकांनी पहिले तीन महिने मुलांना रात्री आणि पावसात एकटे पाठवू नये, मागे मित्र बसवू देऊ नये आणि स्वतः हेल्मेट घालावे. कनिष्ठ महाविद्यालयांनी भौतिकशास्त्राच्या तासाला थांबण्याच्या अंतराचे गणित मैदानात मोजून दाखवावे; एक टेप आणि चुन्याच्या चार रेघा पुरतात. ड्रायव्हिंग स्कूलनी नुसते मैदान नव्हे, बाजाराचा दिवस आणि रात्रीचा रस्ताही शिकवणीत घ्यावा. परिवहन विभागाने पक्क्या परवान्याच्या चाचणीत गाडी आठच्या आकड्यात फिरवण्यापलीकडे धोका ओळखण्याची कसोटी आणावी. साखर कारखान्यांनी रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली वजनकाट्यावर घेऊ नये.

लस टोचल्याशिवाय बाळाला आपण धोक्यात सोडत नाही. रस्त्यावर उतरणाऱ्या मुलाच्या बाबतीत तीच काळजी अठराव्या वर्षी घ्यायची आहे. परवान्याचे कार्ड खिशात आले म्हणजे शिकणे संपले असे नाही. खरी शिकवणी तिथून सुरू होते आणि ती घरातूनच व्हायला हवी.