आणखी किती काळ देवदासची आरती?

दाढी वाढवून, तोंड पाडून कोपऱ्यात बसलेल्या मुलाला मराठी घरातील आजी सहज विचारते, ‘काय रे, देवदास झालास की काय?’ या प्रश्नात माया आहे आणि टपलीही आहे. ऊठ, तोंड धू, जेवायला चल, हा त्याचा अर्थ. घराघरांत जी व्यक्तिरेखा चेष्टेचा विषय झाली, तिचीच भारतीय चित्रपटसृष्टी मात्र गेली नव्वद वर्षे भक्तिभावाने आरती ओवाळीत आली आहे.

शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांनी ‘देवदास’ ऐन तारुण्यात लिहिली. ती प्रसिद्ध झाली १९१७ साली. १९३५ मध्ये न्यू थिएटर्सच्या प्रमथेश बरुआंनी तिच्यावर बंगालीत आणि पाठोपाठ हिंदीत बोलपट काढला. हिंदीतील कुंदनलाल सैगल यांच्या स्वराने सारा देश हेलावला. १९५३ मध्ये तेलुगूत अक्किनेनी नागेश्वर राव, १९५५ मध्ये बिमल रॉय यांच्या दिग्दर्शनाखाली दिलीपकुमार, २००२ मध्ये संजय लीला भन्साळींच्या झगमगाटात शाहरुख खान. यांतील अभिनय, संगीत, छायाचित्रण यांच्या गुणवत्तेविषयी वाद नाही. वाद आहे तो प्रेक्षकाला कोणासाठी रडायला लावले जाते, याविषयी.

हा देवदास कोण? जमीनदाराचा मुलगा. पार्वती मध्यरात्री लोकलज्जा सोडून त्याच्या दारी येते, तेव्हा त्याला आईवडिलांची मर्यादा आठवते. मग तो कलकत्त्याला निघून जातो, तिला नकाराचे पत्र लिहितो, पश्चात्ताप झाल्यावर परततो आणि आता तिने नकार दिला म्हणून मासे धरण्याच्या गळाची काठी तिच्या कपाळावर मारतो. २००२ च्या चित्रपटात काठीच्या जागी मोत्यांचा हार आला. जखम मात्र राहिली आणि प्रेमाची खूण म्हणून मिरवली. ज्याच्या घरी उपवर मुलगी आहे, अशा बापाने हे दृश्य कोणत्या डोळ्यांनी पाहावे? पुढे उरतो तो केवळ मद्याचा प्रवास. वडिलांचा व्यवसाय नाही, आईची सेवा नाही, कोणाच्या उपयोगी पडणे नाही. प्रेम गमावले हे त्याचे दुर्दैव खरे. पण त्यानंतरचे सारे त्याने स्वतः निवडले आहे.

आश्चर्य असे की, शरच्चंद्रांना हे पुरते ठाऊक होते. कादंबरीच्या शेवटी वाचकाकडे दयेची याचना करताना लेखक आपल्या नायकाला अभागी, असंयमी, पापी म्हणतो. पार्वतीच्या सासरच्या दाराशी मेलेल्या देवदासच्या देहाला गावातील कोणी हात लावीत नाही. प्रेत अर्धवट जळलेले टाकले जाते, त्यावर कावळे-गिधाडे बसतात. असे मरण कोणाला येऊ नये, एवढीच लेखकाची प्रार्थना. भन्साळींच्या चित्रपटात हा अर्धदग्ध देह नाही. तेथे धावणारी पारो आहे, मिटणारे भव्य द्वार आहे. भयंकराचे सुंदर केले की उपदेशाचे आमंत्रण व्हायला वेळ लागत नाही.

आणि कादंबरीतील खरी माणसे? पार्वतीचे लग्न थोराड मुलांच्या विधुर बापाशी होते. ती त्या घराची आई होते, रुसलेल्या सावत्र मुलीला आपले सगळे दागिने देऊन टाकते, अतिथींची नि गोरगरिबांची सेवा मांडते. चंद्रमुखी आपला व्यवसाय सोडून खेड्यात मातीच्या घरात राहते आणि शेतकऱ्यांना बिनव्याजी पैसे देते. प्रेम दोघींनीही गमावले. आपल्या दुःखाचा भार त्यांनी जगाच्या डोक्यावर टाकला नाही. चित्रपटांत त्या देवदासच्या दुःखाच्या दोन समया होऊन उरतात. १९५५ च्या चित्रपटासाठी साहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा वैजयंतीमालांनी तो नाकारला. चंद्रमुखी साहाय्यक नाही, पार्वतीच्या तोडीची नायिका आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पडद्यावरील चंद्रमुखी पडद्याबाहेरही ताठ उभी राहिली म्हणायची!

‘कलेला नीतीची फूटपट्टी लावू नका,’ असे येथे कोणी तथाकथित कलामर्मज्ञ म्हणेलच. कबूल. विरहावर बंदी घाला, असे कोणीही म्हणत नाही. विरह हा तर आपल्या साहित्याचा प्राण. भरतमुनींनी करुण आणि विप्रलंभ यांत नेमका भेद केला आहे: करुणात आशा संपलेली असते, विप्रलंभात ती जिवंत असते. रामगिरीवरचा, म्हणजे परंपरेनुसार आपल्या रामटेकचा, यक्ष वर्षाचा विरह भोगतो, पण पत्नीला धीर देणारा निरोप पाठवतो. ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकातील दुष्यंत पाहा. अपराध त्याच्याच हातून घडलेला, शकुंतलेचे चित्र समोर, शोकाने मूर्च्छा येते. तरीही समुद्रात बुडालेल्या निपुत्रिक व्यापाऱ्याचे धन तो राजकोषात घेत नाही, त्याच्या गर्भवती पत्नीच्या अपत्याचा हक्क मान्य करतो. मित्राची किंकाळी ऐकताच धनुष्य उचलतो. इंद्राचा सारथी मातली सांगतो की, त्याला शोकातून जागे करण्यासाठीच हा खेळ केला होता. कालिदासाच्या रंगभूमीवर अश्रू आहेत, आणि अश्रू ढाळणारा उठूनही उभा राहतो.

हे उत्तर मराठी चित्रपटानेही दिले आहे, आणि फार लवकर दिले. ‘देवदास’ची लाट ओसरलेली नसताना, १९३९ मध्ये, प्रभातच्या व्ही. शांताराम यांनी पुण्यात ‘माणूस’ काढला. गणपत हा साधा पोलीस शिपाई, मैना ही धाडीत त्याच्या हाती लागलेली वेश्या. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांच्या या जोडीचे लग्न होत नाही. मैनेला खुनासाठी जन्मठेप होते. नायकाची हानी देवदासपेक्षा तिळभरही कमी नाही. तरी तो कोणाच्या दाराशी जाऊन मरत नाही, कामावर परत येतो. देवदास पाच-सहा भाषांनी गायला. हा शिपाई मात्र चित्रपट-अभ्यासकांपुरता उरला.

२०१७ च्या ‘अर्जुन रेड्डी’ने आणि त्याच्या २०१९ मधील ‘कबीर सिंग’ या हिंदी अवताराने देवदासला शल्यविशारद केले. तो मद्याच्या अमलाखाली शस्त्रक्रिया करतो आणि तोल जाऊन कोसळतो. टेबलावर झोपलेल्या रुग्णाचे घरचे कोण, त्याची वाट पाहणारी मुले किती, हे विचारायला कथेला सवड नाही.

शरच्चंद्रांनीच १९२६ मध्ये ‘पथेर दाबी’ लिहिली. तिचा नायक सव्यसाची हा क्रांतिकारक. ब्रिटिश सरकारला ती इतकी झोंबली की तिच्यावर बंदी आली. बंगालीत १९७७ मध्ये उत्तमकुमार यांना घेऊन ‘सव्यसाची’ निघाला. हिंदीतील धनाढ्य निर्मात्यांनी मात्र त्याच लेखकाच्या कपाटातून पुन्हा पुन्हा ‘देवदास’ बाहेर काढला.