खिडकीचा प्रकाश आणि फुलाचें चित्र

छायाचित्रणकला बाल्यावस्थेंत असतां खिडकीच्याच आश्रयास होती. इंग्लंडांत टॅलबट यांनीं १८३५ सालीं लॅकॉक ॲबी येथील आपल्या घरांतील एका जाळीदार खिडकीचें चित्र घेतलें. आज उपलब्ध असलेल्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हांत तें सर्वांत जुनें मानितात. सांप्रत घरोघर मोबाइलच्या रूपानें कॅमेरा आला आहे. परंतु खिडकीची योग्यता पुष्कळांस अद्यापि उमगलेली नाहीं. फुलावर फ्लॅशचा झोत टाकावा, आणि पाकळ्या चुन्यासारख्या दिसल्या म्हणजे दोष यंत्रास द्यावा, असा प्रकार नेहमीं आढळतो.

वस्तुतः उपाय सोपा आहे. जींतून थेट ऊन येत नाहीं अशा खिडकीपासून हातभर अंतरावर फूल ठेवावें. उन्हाळ्याचे दिवस वगळतां आपल्याकडे उत्तरेची खिडकी बहुधा अशी असते. प्रकाश एका बाजूनें आला म्हणजे पाकळीचा उंचसखलपणा दृष्टीस पडतो. दुसऱ्या बाजूची छाया फार गडद वाटल्यास तेथें पांढरा कागद उभा धरावा. ऊन येतच असेल, तर खिडकीवर जुनें धुतलेलें धोतर सोडावें. विजेचा दिवा मात्र मालवावा. त्याचा पिवळा उजेड दिवसाच्या प्रकाशांत मिसळला कीं रंग बिघडतात. पंखाही बंद ठेवावा.

आणखी एक सूचना. यंत्र सर्व दृश्याचा उजेड मध्यम करूं पाहतें. त्यामुळें शुभ्र वस्त्रावरील मोगरा मळकट दिसतो, तर काळ्या पाटावरील मोगरा फटफटीत होतो. तेव्हां पहिल्या प्रसंगीं उजेड किंचित् वाढवावा, दुसऱ्या प्रसंगीं कमी करावा.

ही उठाठेव कशासाठीं, असें कोणी विचारील. येत्या दिवाळीनंतर आमचा वाडा पाडून तेथें इमारत व्हावयाची आहे. परसांतील पारिजातक त्यांत जाणार. आमच्या वहिनी लग्न होऊन आल्या, त्या वर्षीं त्यांनींच तो लावला. त्याचीं फुलें रात्रीं उमलतात, पहांटे गळतात आणि लवकरच कोमेजतात. म्हणून सकाळीं देवपूजेपूर्वींच ओंजळभर फुलें उत्तरेच्या खिडकींत केळीच्या पानावर मांडून आमची नात चित्रें घेते. एके दिवशीं देठाचा केशरी रंग हुबेहूब उतरला. वहिनींनीं तें चित्र डोळ्यांजवळ धरून पुष्कळ वेळ पाहिलें, आणि एवढेंच म्हणाल्या, “वास तेवढा राहिला.”

त्यांचें म्हणणें खरें आहे. यास्तव ज्यांचें झाड अद्यापि उभें आहे, त्यांनीं चित्र अवश्य घ्यावें. आणि पावसाळ्यांत एक फांदी कुंडींतही लावून पाहावी.