विश्लेषण : वर्गात रोज वाचनाची वेळ, पण ज्याला वाचताच येत नाही त्याचे काय?

छत्रपती संभाजीनगरसह राज्यभरातील शाळांत १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस २०१५ पासून या नावाने पाळला जातो. त्या दिवशी मुलांच्या हाती पुस्तके दिसतात. प्रश्न वर्षातल्या उरलेल्या दिवसांचा आहे.

रोजची वेळ कशासाठी?

‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या १०० पैकी साधारण २३ मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६ होते. सुधारणा झाली, तरी बहुसंख्य मुले मागेच आहेत. ‘निपुण भारत’ अभियानानुसार तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणे अपेक्षित आहे. हे सरावानेच साधते, एका दिवसाच्या उत्सवाने नाही.

ही वेळ कशी असावी?

जपानमध्ये १९८८ मध्ये चिबा प्रांतातील एका शाळेत सकाळी दहा मिनिटांचे वाचन सुरू झाले आणि पुढे देशभर पसरले. नियम चारच : सर्वांनी वाचायचे, रोज वाचायचे, आवडीचे वाचायचे आणि फक्त वाचायचे. नंतर प्रश्नोत्तरे नाहीत, निबंध नाही. ‘सर्वांनी’मध्ये शिक्षकही आले. गुरुजी त्या वेळेत हजेरी किंवा ऑनलाइन माहिती भरत बसले, तर वाचन हे फक्त मुलांचे काम आहे, असाच अर्थ वर्ग काढतो.

मूकवाचन पुरेसे आहे का?

नाही. मूकवाचनाने वाचनाचा ओघ वाढतो याला पुरेसा पुरावा नाही, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० मध्ये म्हटले. शिक्षकाच्या मदतीने मोठ्याने वाचण्याचा मात्र फायदा तिला दिसला. अक्षरे जुळवणारे मूल पुस्तक धरून गप्प बसले, तर ती वेळ वायाच जाते. म्हणून पहिली-दुसरीत बाईंनी गोष्ट वाचावी, मुलांनी ओळीवर बोट फिरवावे. तिसरी-चौथीत जोड्या कराव्यात. अडखळणाऱ्या चार-पाच मुलांजवळ शिक्षकाने स्वतः बसावे.

पुस्तके कुठून आणायची?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत वाचनालय बंधनकारक केले आहे. पण फाटण्याच्या भीतीने पुस्तके कपाटात कुलूपबंद राहिली, तर कायदा कागदावरच राहतो. वर्गात दोरीवर टांगलेली वीस पातळ पुस्तकेही सुरुवातीला पुरतात. आपल्या शहरात २०२१ पासून वस्त्यांमध्ये मोहल्ला बाल वाचनालये उभी राहिली, तीही एका शाळकरी मुलीच्या पुढाकाराने. शेजारच्या शाळांनी त्यांच्याशी पुस्तकांची अदलाबदल करायला हरकत नाही.

पालकांनी काय विचारावे?

पुढच्या पालक सभेत ‘वाचनाचा तास आहे का?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘माझे मूल त्या वेळेत काय वाचते आणि अडले तर त्याच्याजवळ कोण बसते?’ हेही विचारा.