सुआची टोपली आणि परप्रांतीय मजूर

दिवाळी तोंडावर आली की रायपूरच्या वस्त्यांतून सुआ नाच सुरू होतो. सुआ म्हणजे पोपट. धान भरलेल्या टोपलीत मातीचा पोपट ठेवायचा, टोपली अंगणात मधोमध मांडायची आणि बायकांनी तिच्याभोवती रिंगण धरून टाळ्यांच्या ठेक्यावर नाचायचे. गाण्यातली बाई या पोपटाकरवी दूरदेशी गेलेल्या नवऱ्याला निरोप धाडते. आमच्या पोस्टमन बंधूंचा हा जुना सहकारीच म्हणायचा. नाच झाला की घरातली बाई तांदूळ, धान किंवा रोख पैसे देते. जमलेल्या पैशा-धान्यातून गौरा-गौरीचे, म्हणजे शिवपार्वतीचे, लग्न लागते. पौषी पौर्णिमेच्या छेरछेरालाही पोरे दारोदार असेच धान मागतात.

नाचणाऱ्या पुष्कळ जणी मजुरीवर जगणाऱ्या असतात. तरी त्यांना कोणी भिकारीण म्हणत नाही. पैसा कशाला जाणार हे देणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणारीला मान खाली घालावी लागत नाही. परप्रांतीय मजुरांसाठी फंड उभारताना आपल्या शाखांनी हा रिवाज समजून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले बरेच मदतफंड दयेवर उभे राहतात आणि दया आटली की पावतीपुस्तके कपाटात जातात.

नाचगाण्यातून निधी ही कामगार चळवळीला नवी गोष्ट नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात बिनय रॉय यांचे पथक गाणी आणि नृत्ये घेऊन देशभर हिंडले, मुंबईतही आले आणि दुष्काळग्रस्तांसाठी पैसा गोळा केला. त्याच वर्षी मुंबईत इप्टाची स्थापना झाली होती. पुढे शांती बर्धन यांच्यासारखा नर्तक तिच्या मध्यवर्ती पथकात आला. ते सारे ध्येयाने आलेले कार्यकर्ते होते. सुआच्या बायकांचे तसे नाही. त्यांचा एक दिवस बुडाला तर चूल थंड पडते. म्हणून युनियनने त्यांना कार्यक्रमाला बोलवायचे असेल तर आधी त्यांची बिदागी ठरवावी, ती त्याच दिवशी हातात द्यावी आणि मग उरलेले फंडात टाकावे. गरिबांच्या मदतीसाठी गरिबांनाच फुकट नाचवणे कामगार संघटनेला शोभत नाही.

कोणी म्हणेल, बाहेरून आलेल्यांचा भार आपण का घ्यावा? रायपूरला हा प्रश्न विचारणे जरा अवघड आहे. १९६४ पासून पूर्व पाकिस्तानातले निर्वासित मोठ्या संख्येने इथल्या माना छावणीत आले. आणि आपण मराठी माणसे तरी इथली कुठली? भोसल्यांच्या राजवटीपासून आपले लोक येत गेले. १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूर राजधानीतून चाले. रेल्वे, टपाल आणि कचेऱ्यांनी आणखी घरे आणली. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबई परिसरात रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तरेकडच्या पोरांना मारहाण झाली, तेव्हा इथल्या मराठी रेल्वे कामगाराला कोणी परका म्हटले असते तर त्याला कसे वाटले असते?

शिवाय छत्तीसगडचा मजूरही वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर दूरदूरच्या राज्यांत जातोच. जाणाऱ्याला आणि येणाऱ्याला पहिला भेटतो तो आपलाच माणूस: तिकीट खिडकीवरचा बाबू, जनरल डब्याचा गार्ड, पोस्टाच्या काउंटरवरची भगिनी. ८ मे २०२० ची पहाट आपण कोणी विसरू शकत नाही. भुसावळहून गावची गाडी मिळेल या आशेने जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशचे १६ मजूर करमाडजवळ रुळावर झोपले आणि मालगाडीखाली गेले. ती गाडी चालवणाराही कामगारच होता.

मात्र फंड म्हणजे ठेकेदाराची सुटका नव्हे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात भरतीच्या वेळी महिन्याच्या निम्म्या पगाराइतका विस्थापन भत्ता होता. पाच मजुरांच्या टोळीलाही तो कायदा लागू व्हायचा. २०२० च्या संहितेने हा भत्ता काढून टाकला आणि पाचाचे दहा केले. कोणत्याही नाचाच्या टोपलीने ही तूट भरून निघणार नाही. त्यासाठी लढावेच लागेल.

तोवर रायपूर आणि नागपूरच्या शाखांनी येत्या दिवाळीआधी एवढे करावे. फंडाचा उपयोग तीनच गोष्टींसाठी ठेवावा: अडकलेल्याचे तिकीट, अपघातात सापडलेल्याचा पहिला दवाखाना खर्च आणि परमुलखात मेलेल्याचा देह गावी नेणे. ठेकेदाराकडून वसुली झाली की रक्कम फंडात परत यावी. जमाखर्च दर तीन महिन्यांनी गेट मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवावा, आणि वाचताना मजुरांपैकी दोघे तरी शेजारी उभे असावेत.