छपरी पलंग

गेल्या रविवारी आमच्या लिफ्टमध्ये तीन पिढ्या होत्या: माझी सत्त्याऐंशी वर्षांची आई, मी आणि दहावीतली भाची. चौथ्या मजल्यावर खाण्याची पार्सलं घेतलेला एक मुलगा उतरला. केस कानांवर बारीक कापलेले, वर सोनेरी झुपका, एका कानात बाळी, गुडघ्यावर फाटलेली जीन्स. दार बंद झालं आणि भाची म्हणाली, "कसला छपरी होता!"

आईला एरवी कमी ऐकू येतं, पण नको ते नेमकं ऐकू येतं. ती म्हणाली, "छपरी पलंग ना? आपल्या वाड्यात होता. शिसवी. चार खांब, वर छत. आणायला बैलगाडी लागली होती."

भाची हसून बेजार झाली. मी हसता हसता थांबलो, कारण या सदराला आठवड्याचा शब्द मिळाला होता. एका पिढीत ज्याने घराची ऐपत कळायची, तोच शब्द दोन पिढ्यांनी ऐपत काढण्यासाठी वापरला जातो. छप्पर तेच. त्याखाली कोण झोपतं, ते बदललं.

घरी आल्यावर भाचीला म्हटलं, लक्षणं सांग. तिने बोटांवर मोजत यादी दिली: सोनेरी केस, मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव असलेला नकली पट्टा, रात्रीसुद्धा गॉगल, सायलेन्सर काढलेली बाइक, भर रस्त्यात रील. यादी ऐकून विचारलं, "दिवाळीत तू दोन जांभळ्या बटा केल्या होत्यास, त्यांचं काय?" ती म्हणाली, "त्या सलोनमधल्या होत्या." आणि तिच्या जीन्सची भोकं? ती "विकत घेतानाच तशी" होती. म्हणजे फाटणं एकच, पण तिचं शिवणाऱ्याने फाडलेलं आणि त्याचं वापराने, असा तिचा हिशेब. त्या मुलानेही जीन्स तशीच विकत घेतली असेल, हे तिच्या मनातही आलं नाही.

प्रश्न फक्त पैशाचा असता तर सोपा होता. केटीएमची ड्यूक बाइक 2012 मध्ये आपल्याकडे आली. ती बनते पुण्याजवळ चाकणला, बजाजच्या कारखान्यात. आली तेव्हा कॉलेजच्या पार्किंगमध्ये तिच्याभोवती पोरांचा घोळका जमायचा. मग ती हप्त्यांवर तालुक्याच्या गावी पोचली, आणि शहरातली पोरं तिला 'छपरी गाडी' म्हणू लागली. गाडी महाग होती ती महागच राहिली. तिच्यावर कोण बसतं एवढ्यानेच ती उतरली.

हे इंग्लंडातही होऊन गेलं आहे. तिथे कामगार वस्त्यांतल्या मुलांना 'चॅव' म्हणत. बर्बरीचा तो प्रसिद्ध चौकडा या मुलांच्या टोप्यांवर दिसू लागल्यावर तो बाकीच्यांच्या मनातून उतरला, आणि 2004 मध्ये कंपनीने त्या टोप्या बनवणंच बंद केलं. आपल्याकडे हे काम टिकटॉकच्या काळात मोबाइलवर झालं. लहान गावांतली, चाळीतली, वस्तीतली मुलं नाचून, अभिनय करून एकदम लोकांच्या डोळ्यांत भरली, आणि ज्यांची जागा आधीपासून पक्की होती त्यांना ते खुपलं. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली. ॲप गेलं, शब्द मागे राहिला.

तो कुठवर पोचतो ते हार्दिक पांड्याने पाहिलं. रोहित शर्माच्या जागी तो मुंबई इंडियन्सचा कर्णधार झाला, तेव्हा 2024 च्या मोसमात मैदानात त्याची हुर्यो उडवली गेली आणि समाजमाध्यमांवर 'छपरी' त्याला चिकटला. राग कर्णधारपदाचा होता, पण शिवी निघाली ती केसांवरून आणि साखळ्यांवरून. त्याच वर्षी 29 जूनला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात सोळा धावा राखायच्या होत्या, त्या त्याने राखल्या. शिवी रातोरात गिळली गेली. पण लिफ्टमधल्या मुलाने ती पुसायला कुठला विश्वचषक आणायचा?

हा शब्द आला कुठून? छप्परबंद नावाची एक जमात आहे. छपरं शाकारणं हे तिचं मूळ काम. इंग्रजांनी तिला गुन्हेगार जमातींत टाकलं. तो कायदा 1952 मध्ये गेला आणि आज ती महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. शिवी त्या नावावरून आली असो की नुसत्या छपरावरून, बोट जातं ते पत्र्याच्या घराकडे. भाचीला जात विचारणं चालत नाही, तिच्या शाळेत तसं शिकवलं आहे. केस बघून मात्र ती पत्ता ओळखते, आणि आपल्याकडे पत्त्यावरून पुढचं कळायला वेळ लागत नाही.

अंगावरून माणूस ओळखायची सोय आपण फार आधीपासून करून ठेवली आहे. म्हणूनच डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या बायकांशी लुगड्यांबद्दल बोलले. नेसायची ठरावीक तऱ्हा आणि अंगावरचे ते जड दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी तिथेच नेसण बदललं. आज कपड्यांना किरकोळ विषय म्हणणाऱ्यांनी एवढं आठवावं. खालचा माणूस वरच्यासारखा दिसू लागला की वरचा माणूस लगेच नवी खूण शोधतो. आजची खूण आहे सोनेरी झुपका.

भाचीला उपदेश करायला मला तोंड नाही. मी गावाकडून मुंबईच्या कॉलेजात आलो तेव्हा 'घाटी' होतो. घाटावरून हमाली करायला, गिरणीत राबायला आलेल्या आपल्याच माणसांवरून पडलेली ही शिवी. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी वर्गात 'व्हर्नॅक' असंही एक नाव होतं. मी काय केलं? भांडलो नाही. फॅशन स्ट्रीटवरून जीन्स घेतली, तेल लावणं सोडलं, 'व्हॉट'चा उच्चार आरशासमोर घोटला. दोन वर्षांत मला घाटी म्हणणं बंद झालं आणि तिसऱ्या वर्षी नव्या पोरांना मी म्हणू लागलो. आजही काही आवडलं नाही की तोंडातून 'थर्ड क्लास' जातं. रेल्वेने तिसरा वर्ग 1974 मध्येच बंद केला. माझ्या गाडीला तो अजून जोडलेला आहे.

रात्री आईला विचारलं, त्या पलंगाचं पुढे काय झालं? म्हणाली, "वाडा सोडून ब्लॉकमध्ये आलो तेव्हा दारातून आत येईना. सुतार म्हणाला, छत कापतो, मग बसेल. तुझे वडील नाही म्हणाले. पलंग भंगारवाल्याला दिला, पण छत कापू दिलं नाही."

मी माझं मात्र केव्हाच कापून घेतलं होतं. म्हणून तर आत आलो.