प्राणहितेच्या पाण्यावर ग्रामसभेचा शब्द

अहेरीजवळची प्राणहिता पाहिली की ही नदी जंगलाच्या पोटातून निर्मळ निघून आली असावी, असे वाटते. वास्तव वेगळे आहे. आष्टीजवळ चपराळ्याला वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात, तिथून पुढे तिला प्राणहिता म्हणायचे. या वैनगंगेत कन्हानमार्गे नागपूरच्या नाग नदीचे सांडपाणी येते आणि गोसीखुर्दच्या जलाशयात उतरते. वर्धेच्या खोऱ्यात वणी-घुग्घुसच्या कोळसा खाणी आहेत, बल्लारपूरचा कागद कारखाना आहे, आणि चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या बाजूने येणारी इरईही तिलाच मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा ८३.८८ गुणांसह चंद्रपूर देशात चौथे होते. याच मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत वैनगंगेचा तुमसर ते आष्टी हा टप्पा आहे. आष्टी म्हणजे तर प्राणहितेचा उंबरठाच. तेव्हा अहेरी-सिरोंच्याच्या काठावर कितीही झाडलोट केली तरी नदी राखली जाणार नाही. वरून येणाऱ्या पाण्याचा जाब खालच्या गावांना विचारता आला पाहिजे. तसा विचारण्याचा आधार कायद्यात आहे, आणि तो ग्रामसभांनी आता पाण्यासाठी वापरावा, असे माझे ठाम म्हणणे आहे.

लोक काय करू शकतात आणि कुठे अडतात, हे आपल्याच मुलखात दिसते. गोंदिया-भंडाऱ्यात मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला सोबत घेऊन मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव, पुन्हा जिवंत करण्याचे काम केले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की बेशरमची झुडपे मुळासकट उपटायची, उघड्या पडलेल्या तळाची नांगरट करायची आणि तिथे देशी पाणवनस्पती लावायच्या. कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला कोणता मासा अंडी घालतो, ही ढिवरांची पिढीजात माहिती या कामाचा पाया आहे. वनस्पती परतल्या, तशी देशी मासळीही परतली. गावतलावात हे साधते, कारण त्याचे पाणलोट क्षेत्र बहुधा गावाच्या नजरेत असते. चंद्रपूरच्या रामाळा तलावाचे तसे नव्हते. गोंडकालीन तलाव, वर जलपर्णी आणि आत शहराचे सांडपाणी. इको-प्रो संस्थेच्या बंडू धोतरे यांना त्यासाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये उपोषणाला बसावे लागले. जलपर्णी काढायला हात पुरतात, पण सांडपाण्याचे तोंड बंद करायला अधिकार लागतो. तो अधिकार नसला की श्रमदान दरवर्षी तेच आणि तेवढेच करावे लागते, आणि ज्यांनी नाला अडवायचा ते सत्काराला येऊन निघून जातात. याचा मला मनापासून संताप आहे.

अहेरी तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवायला सांगितले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने मासे आणि पाण्यातील इतर उपज यांवरचा सामूहिक हक्क मान्य केला. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने लगतची पाणलोट क्षेत्रे आणि जलस्रोत यांचे पुरेसे रक्षण होते की नाही, हे पाहण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. गडचिरोलीत या कायद्याची चर्चा बांबू आणि तेंदूपानाभोवती फिरते, ते साहजिकही आहे, कारण घरात पैसा त्यातून येतो. पण मासळी हीसुद्धा कमाईच आहे, आणि ती पाण्याबरोबर जाते.

यावर पहिला आक्षेप असा की प्राणहिता काही लहान जलसाठा नव्हे. ती दोन राज्यांची सीमा आहे, तिच्यावर एका गावाचे काय चालणार? खरे आहे, गावाच्या ठरावाने नागपूरचे सांडपाणी थांबणार नाही. पण त्या ठरावाने बाधितांची बाजू कायद्याच्या भाषेत कागदावर येते, आणि मंडळापुढे किंवा हरित लवादापुढे जाताना हाती काही असते. दुसरा आक्षेप क्षमतेचा. पाण्याची तपासणी खेड्यातल्या माणसांना काय कळणार, असे विचारले जाते. बांबूच्या वेळीही असेच विचारले जात होते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला २०११ साल उजाडले आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावे लागले. त्यानंतर ग्रामसभेने बांबू स्वतः विकला. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: काठच्या गावांनी आधी स्वतःचे नाले आणि विष टाकून होणारी मासेमारी थांबवावी. थांबवलीच पाहिजे, आणि तिथे दुसऱ्या कुणाची परवानगीही लागत नाही. ग्रामसभेने पहिला ठराव याचाच करावा. दुसरा ठराव प्रदूषण नियंत्रण मंडळाला उद्देशून असावा: चपराळा, अहेरी आणि सिरोंचा येथील पाण्याची तपासणी दर महिन्याला व्हावी आणि तिचे आकडे मराठीत, गोंडीत आणि तेलुगूत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत.